फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला वेगळा आणि एकदाच चालणारा डिस्काउंट कोड कसा द्यायचा

गेल्या दिवाळीनंतर आत्याच्या फराळाच्या गिऱ्हाईकांकडून फीडबॅक घ्यायचा म्हणून मी एक गूगल फॉर्म बनवला आणि फॉर्म सबमिट केल्यावर जो मेसेज दिसतो ना, त्यात हौसेने टाकलं की पुढच्या ऑर्डरवर ५० रुपये सूट, कोड चकली५०. फॉर्म भरला चाळीसेक जणांनी. कोड सांगणारे फोन मात्र शंभरच्या वर आले, कारण कुणीतरी तो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, तिथून शेजारच्या सोसायटीत गेला, आणि एक बाई तर दर आठवड्याला तोच कोड सांगून अर्धा किलो भाजणी न्यायला लागल्या. आत्या शेवटी वैतागून म्हणाली, "अरे, हा कोड आहे की सत्यनारायणाचा प्रसाद?"

तर यंदा आम्ही नीट केलं. एक माणूस, एक कोड, एकदाच. पूर्ण पद्धत खाली लिहितोय. आमचा धंदा डोंबिवलीतला घरगुती फराळाचा, ऑर्डरी फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर, वेबसाइट नाही, म्हणून पद्धत तशी आहे. वेबसाइटवाल्यांसाठी पुढे वेगळं लिहिलंय. आणि एक, शीटमधल्या फॉर्म्युल्यांची नावं मी उच्चाराप्रमाणे मराठीत लिहितोय, शीटमध्ये टाकताना ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची, आकडेसुद्धा.

आधी एक गैरसमज काढून टाका. गूगल फॉर्मचा तो शेवटचा धन्यवादवाला मेसेज सगळ्यांना एकच दिसतो, त्यात प्रत्येकाला वेगळा कोड दाखवायची सोयच नाहीये. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली, तुम्ही घालवू नका. कोड फॉर्मच्या बाहेरून, म्हणजे मेल किंवा व्हॉट्सअॅपनेच पाठवावा लागतो. त्या मेसेजमध्ये फक्त एवढंच लिहा की कोड २४ तासांत तुमच्या नंबरवर येईल.

दुसरं म्हणजे कोड वेगळा असला म्हणून तो आपोआप एकदाच चालणारा होत नाही. नाटकाच्या तिकिटाचं बघा, नंबर प्रत्येक तिकिटावर वेगळा असतोच, पण दारावरचा माणूस ते फाडतो म्हणून ते परत चालत नाही. आपल्याकडे ते फाडायचं काम कोण करणार, कधी करणार, कुठे नोंदवणार, हे ठरलं नसेल तर बाकी सगळी टेक्नॉलॉजी फुकट आहे. म्हणून या लेखात कोड बनवण्यापेक्षा फाडण्यावर जास्त लिहिलंय.

सूट किती, ते आधी कागदावर

चार गोष्टी ठरवा: किती रुपये, कमीत कमी किती ऑर्डरवर, कुठल्या तारखेपर्यंत, आणि एकूण किती कोड. आम्ही ५० रुपये, ५०० च्या वरच्या ऑर्डरला, ३०० कोड असं ठरवलं. म्हणजे अगदी सगळ्यांनी वापरले तरी १५,००० रुपये जाणार आणि त्याबदल्यात दीड लाखाची ऑर्डर आलेली असणार. हा सगळ्यात वाईट आकडा आधी डोळ्यासमोर असला की पुढे धडधड होत नाही. टक्क्यांत सूट देऊ नका असं माझं मत, १० टक्के म्हटलं की कुणीतरी लग्नाची ८,००० ची रुखवताची ऑर्डर घेऊन येतो आणि मग ८०० देताना तोंड कडू होतं. टक्केच द्यायचे असतील तर "जास्तीत जास्त १००" असं सोबत लिहा.

कोड बनवणे

चकली००१, चकली००२ असं ओळीने कधीच करू नका. ज्याला ०१७ मिळाला त्याला ०१८ असणार हे कळायला डोकं लागत नाही. चार आकडी रँडमसुद्धा नको, कारण १००० ते ९९९९ असे मिळून ९,००० च नंबर आहेत, त्यात तुमचे ३०० चालू असतील तर कुणी अंदाजाने नंबर सांगितला तरी तीसात एक बरोबर लागतो. आठ आकडी घेतले की ९ कोटी नंबर होतात, त्यात ३०० म्हणजे तीन लाखांत एक. मग कुणी नादाला लागत नाही.

अक्षरं आणि आकडे मिसळून कोड करतात बरेच जण, वेबसाइटवर कॉपी पेस्ट करायचा असेल तर ते चांगलंच. पण आमच्याकडे कोड फोनवर वाचून सांगतात, आणि फोनवर बी, डी, पी, टी सगळं एकसारखंच ऐकू येतं, वर ओ की शून्य हा वाद वेगळा. आकडे मात्र ओटीपीमुळे अगदी आजी लोकांनाही सांगायची सवय झालीये. म्हणून फक्त आकडे, आणि मेसेजमध्ये चार-चार तोडून लिहायचे, ७३९४ ०२८५ असे.

आता शीट. नवीन गूगल शीट उघडा, एका टॅबचं नाव "कोड" ठेवा. पहिल्या कॉलमात बरोबरचं चिन्ह, मग रँडबिटवीन, कंसात १००००००० आणि ९९९९९९९९, मध्ये स्वल्पविराम, आणि हे ३२० ओळी खाली ओढा. सुरुवात एकपासून मुद्दाम आहे, शून्याने सुरू होणारा नंबर शीट सरळ खाऊन टाकतं, ००४५ चं ४५ होतं.

पुढची पायरी चुकवलीत तर सगळं बुडालं. रँडबिटवीन शीटमध्ये काहीही बदललं की नवीन आकडा काढतो. म्हणजे तुम्ही सकाळी कोड पाठवलात आणि दुपारी कुठेतरी एक स्पेलिंग सुधारलंत की पूर्ण कॉलम बदलला, पाठवलेले कोड आता कुठेच नाहीत! म्हणून लगेच पूर्ण कॉलम सिलेक्ट करून कॉपी करा आणि त्याच जागी कंट्रोल शिफ्ट व्ही ने पेस्ट करा, मग नुसते आकडे राहतात, फॉर्म्युला जातो. एखाद्या सेलवर क्लिक करून वर फॉर्म्युला दिसतोय का नुसता आकडा, बघून घ्या.

मग डेटा मेन्यूत डेटा क्लीनअप, त्यात रिमूव्ह डुप्लिकेट्स. आठ आकड्यांत डुप्लिकेट निघणं कठीण, पण दोन क्लिकचं काम आहे. वरचे २० कोड आत्याने घरच्या आणि कामवाल्या मावशींच्या नावाने राखून ठेवले, ते फॉर्मच्या हिशोबात नाहीत.

त्या टॅबमध्ये पुढचे कॉलम असे: मोबाइल, नाव, दिल्याची तारीख, वापरल्याची तारीख, बिल नंबर. "चालू / वापरला" असा वेगळा कॉलम मी ठेवला होता, मग काढून टाकला, कारण दोन ठिकाणी एकच गोष्ट लिहायची म्हटली की एक ठिकाण विसरतंच. वापरल्याची तारीख रिकामी आहे म्हणजे कोड जिवंत, भरली आहे म्हणजे संपला.

फॉर्म

प्रश्न कमी ठेवा. आमचे पाच होते: नाव, मोबाइल, काय घेतलं होतं, काय आवडलं नाही, पुढच्या वेळी काय हवं. ("काय आवडलं" विचारलंच नाही, सगळे "सर्व छान" लिहितात आणि त्यातून काही कळत नाही. "काय आवडलं नाही" मध्ये शंकरपाळी कडक झाली होती हे अकरा जणांनी सांगितलं, आत्या दोन दिवस बोलली नाही, मग मोहन वाढवलं.)

मोबाइलच्या प्रश्नाला तीन टिंबं दाबून रिस्पॉन्स व्हॅलिडेशन चालू करा, नंबर, बिटवीन, आणि ६०००००००००० नव्हे हं, शून्यं मोजा, एकूण दहा आकडे: ६०००००००००  ते ९९९९९९९९९९. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८, ९ नेच सुरू होतात, त्यामुळे अर्धवट नंबर, पुढे ९१ लावलेले, सगळे तिथेच अडतात. फक्त परदेशातली गिऱ्हाईकं यात अडकतात. आमच्याकडे मुलगा अमेरिकेत आणि आई-बाबा इथे फडके रोडला अशा ऑर्डरी बऱ्याच, तेव्हा प्रश्नाखाली एक ओळ लिहिली की ज्यांच्या घरी डिलिव्हरी झाली त्यांचा इथला नंबर टाका.

सेटिंगमध्ये "लिमिट टू वन रिस्पॉन्स" दिसेल, मोह होतो. पण ते चालू केलं की गूगलला लॉगिन करणं सक्तीचं होतं, आणि अर्ध्या गिऱ्हाईकांना आपला पासवर्ड माहीत नसतो, ते फॉर्म सोडून देतात. मी बंद ठेवलं आणि एकाच माणसाने दोनदा भरलंय का ते मोबाइल नंबरवरून पकडलं. ईमेलवरून पकडायला जाऊ नका, जीमेलच्या पत्त्यात मध्ये टिंब टाका नाहीतर नावापुढे अधिकचं चिन्ह लावून काहीही लिहा, मेल त्याच माणसाला जातो पण शीटला ते चार वेगळे लोक वाटतात.

"अलाऊ रिस्पॉन्स एडिटिंग" मात्र नक्की बंद करा. पुढे स्क्रिप्ट लावणार असाल तर उत्तर एडिट केलं की स्क्रिप्ट परत चालते आणि एडिट करताना नंबर बदलला असेल तर त्याच माणसाला दुसरा कोड जातो.

या पाचांशिवाय शेवटी एक प्रश्न संमतीचा: "माझा नंबर सवलतीचा कोड पाठवण्यासाठी वापरायला हरकत नाही". आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचा गाभा हाच की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम स्पष्ट सांगा आणि त्याच कामाला वापरा. म्हणजे कोडसाठी दिलेल्या नंबरांवर नंतर भाचीच्या ब्युटी पार्लरची जाहिरात नाही.

अजून एक. काही जण "गूगलवर फाइव्ह स्टार रिव्ह्यू टाका आणि कोड मिळवा" असं करतात. गूगलच्या नियमात रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणं चालत नाही. आपल्या फॉर्मवरचा फीडबॅक ही आपली घरची गोष्ट, त्याला काही अडचण नाही.

कोड वाटणे, हाताने

फॉर्मच्या रिस्पॉन्सेस मध्ये जाऊन "लिंक टू शीट्स" करा आणि नवीन शीट न बनवता आपली कोडवाली शीटच निवडा, उत्तरांचा वेगळा टॅब तयार होतो.

इथे नेटवर एक शॉर्टकट सांगतात, की उत्तराच्या पाचव्या ओळीला कोड टॅबमधला पाचवा कोड, इंडेक्स फॉर्म्युला लावला की झालं. दिसायला भारी आहे. पण एक दिवस कुणीतरी उत्तरं नावाप्रमाणे सॉर्ट करतं किंवा टेस्टिंगची ओळ डिलीट करतं आणि सगळे कोड एका माणसाने सरकतात, जोशींचा कोड जाधवांकडे. कोड माणसाला चिकटवायचा तर फॉर्म्युल्याने नाही, नुसता आकडा पेस्ट करूनच.

म्हणून दिवसाला तीस-चाळीस उत्तरं येत असतील तर माझा प्रामाणिक सल्ला, हातानेच करा. रात्री जेवणानंतर वीस मिनिटं. आधी उत्तरांच्या टॅबमध्ये शेवटी एक कॉलम घेऊन त्यात काउंटइफ लावा, मोबाइलचा कॉलम आणि त्या ओळीचा मोबाइल, म्हणजे हा नंबर किती वेळा आलाय ते कळतं. हा फॉर्म्युला रोज रात्री खाली ओढावा लागतो, कारण नवीन उत्तर नवीन ओळ घालून येतं आणि त्या ओळीत फॉर्म्युला नसतो, त्याला घाबरू नका. जिथे १ पेक्षा जास्त आलं तिथे दुसरी ओळ रंगवून सोडून द्या. उरलेल्यांचे नाव आणि नंबर कोड टॅबमध्ये पुढच्या मोकळ्या ओळींत पेस्ट करा, तेही कंट्रोल शिफ्ट व्ही नेच, आणि दिल्याची तारीख टाका, कंट्रोल आणि अर्धविराम दाबलं की आजची तारीख येते.

आता पाठवणं. व्हॉट्सअॅप बिझनेसच्या ब्रॉडकास्टने हे होणार नाही, एक तर तिथे सगळ्यांना एकच मेसेज जातो आणि दुसरं म्हणजे ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. त्याऐवजी कोड टॅबच्या शेवटच्या कॉलमात हायपरलिंक फॉर्म्युल्याने प्रत्येकाची वेगळी लिंक बनवा. डब्ल्यू ए डॉट मी, तिरकी रेघ, ९१ आणि लगेच मोबाइल नंबर, मग प्रश्नचिन्ह, टेक्स्ट, बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे मेसेज. मेसेज एनकोडयूआरएल मध्ये गुंडाळायचा, नाहीतर मराठी अक्षरं आणि स्पेस तुटतात. लिंकवर टिचकी मारली की त्या माणसाचं चॅट उघडतं, मेसेज तयार असतो, फक्त सेंड दाबायचं. मेसेज दोन-तीन ओळींचाच ठेवा, लिंकमध्ये मराठीची एकेक खूण नऊ कॅरेक्टर खाते, मोठा मेसेज केला की लिंक मारुतीच्या शेपटासारखी वाढते.

आमचा मेसेज: नमस्कार काकू/काका, फॉर्म भरल्याबद्दल आभार. तुमचा कोड ७३९४ ०२८५, ५०० च्या वरच्या ऑर्डरवर ५० रुपये कमी, एकदाच चालेल, ३१ मार्चपर्यंत. ऑर्डर देतानाच कोड सांगा. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे, डबा हातात घेतल्यावर कोड काढणारे लोक डिलिव्हरीच्या पोराला छळतात.

आपोआप पाठवायचं असेल तर

शंभराच्या आसपास उत्तरं रोज येत असतील तर अॅप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीटची कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम. शीटमध्ये एक्स्टेन्शन्स मेन्यूत अॅप्स स्क्रिप्ट असतं, पैसे लागत नाहीत. स्क्रिप्ट तुम्ही लिहा, भाच्याकडून लिहून घ्या नाहीतर एआयला सांगा, पण स्क्रिप्टने काय करायला हवं हे तुम्हाला माहीत पाहिजे, कारण नेटवरच्या बऱ्याच स्क्रिप्टमध्ये त्यातल्या दोन गोष्टी नसतात.

फॉर्म सबमिट झाला की स्क्रिप्ट चालते. पहिलं काम कुलूप लावणं, याला लॉकसर्व्हिस म्हणतात. दोन माणसांनी एकाच क्षणी सबमिट केलं तर स्क्रिप्ट दोनदा एकदम चालते, दोन्ही जणी पहिला मोकळा कोड शोधतात आणि दोघींना तोच सापडतो. कुलूप असलं की दुसरी थांबते. मग मोबाइल आधीच यादीत आहे का बघणं, असला तर तिथेच बाहेर. नसला तर पहिली मोकळी ओळ, त्यात नाव, नंबर, तारीख. आणि मग फ्लश, ही दुसरी विसरली जाणारी गोष्ट. शीटमध्ये लिहिलेलं कधीकधी लगेच उतरत नाही, मागे साठून राहतं, फ्लश केल्याशिवाय कुलूप काढलं तर पुढचीला ती ओळ अजून मोकळीच दिसते. फ्लश, मग कुलूप काढा, मग मेल पाठवा. मेल सगळ्यात शेवटी, म्हणजे मेल फसला तरी कोड त्या माणसाच्या नावावर राहतो आणि तुम्ही नंतर हाताने पाठवू शकता. उलटं केलंत तर मेल जातो आणि नोंद करायची राहून जाते.

हे मेलने असल्यामुळे फॉर्ममध्ये ईमेलचा प्रश्न लागेल हे उघडच आहे. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच मेल जातो, वर्कस्पेसच्या पैसेवाल्या खात्यावरून १,५००. एकदम हजार जणांना फॉर्म पाठवणार असाल तर तीन-चार दिवसांत थोडा थोडा पाठवा. आणि कोड संपले तर काय, हेही स्क्रिप्टला सांगून ठेवा: मोकळे कोड २० च्या खाली गेले की तुम्हाला मेल यावा.

ट्रिगर, म्हणजे स्क्रिप्ट कधी चालायची ते, लावताना डावीकडच्या घड्याळावर जाऊन "ऑन फॉर्म सबमिट" निवडायचा. गूगल इशारा देईल की हे अॅप व्हेरिफाय केलेलं नाही. स्क्रिप्ट स्वतःची असेल तर अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन पुढे जा. कुठून तरी न वाचता उचललेली असेल तर इथेच थांबा, कारण आता तुम्ही तिला तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी देताय.

कोड फाडणे

तिसरा टॅब करा, नाव "तपासा". एका सेलमध्ये कोड टाकायचा आणि शेजारी व्हीलुकअपने नाव आणि वापरल्याची तारीख आणायची. व्हीलुकअपच्या शेवटी फॉल्स लिहायला विसरू नका. ते नसलं तर शीट तंतोतंत कोड न शोधता जवळपासचा उचलतं आणि भलत्याच माणसाचं नाव दाखवतं. उत्तरं चारच प्रकारची येतात. एन/ए आलं म्हणजे असा कोडच नाही. तारीख आली म्हणजे वापरून झालाय (तारखेऐवजी ४५९६० असला काहीतरी आकडा दिसला तर सेलचा फॉरमॅट डेट करा). नाव आलं आणि तारीख रिकामी म्हणजे चालू. नावही रिकामं असेल तर तो अजून कुणाला दिलेलाच नाही, म्हणजे समोरचा अंदाजपंचे बोलतोय. कोड टाकताना मधली स्पेस टाकू नका, शीटला तो वेगळा वाटतो.

नियम एकच आणि तो आत्याने स्वयंपाकघराच्या फळ्यावर लिहून ठेवलाय: आधी तारीख टाका, मग "हो" म्हणा. एका फोनवर आत्या आणि दुसऱ्यावर माझी बहीण, नवरा-बायको दोघांनी एकच कोड पाच मिनिटांच्या अंतराने दोघींना सांगितला असं यंदा खरंच झालं. तारीख आधी टाकलेली होती म्हणून पकडलं. बहीण म्हणाली, "काकू, हा काकांनी आत्ताच वापरला." पलीकडे बराच वेळ शांतता.

ऑर्डर रद्द झाली तर तारीख पुसून कोड परत जिवंत करा आणि बिल नंबरच्या कॉलमात "रद्द" लिहा. ५०० ची ऑर्डर सांगून नंतर कमी करून ३०० वर आणली तर सूट नाही, हे मेसेजमध्येच असल्यामुळे वाद होत नाही. दुसऱ्याचा कोड आणला तर? आम्ही चालवून घेतो. आईचा कोड लेकीने वापरला तर बिघडलं काय, एकदाच जातोय ना.

शीट घरातल्या सगळ्यांच्या फोनवर असेल तर कोडचा पहिला कॉलम प्रोटेक्ट करून ठेवा. भाजणीच्या पिठाच्या बोटाने कुठला सेल कधी उडेल सांगता येत नाही.

बिलावर सूट वेगळ्या ओळीत दाखवा. जीएसटी नोंदणी असेल तर ते गरजेचंच आहे, कारण बिल करतानाच दिलेली आणि बिलावर दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते, नुसती तोंडी दिलेली नाही.

ज्यांची वेबसाइट आहे

तुम्हाला वरचा फाडायचा भाग दुकानाचं सॉफ्टवेअरच करून देतं. वूकॉमर्समध्ये कूपन बनवताना युसेज लिमिट पर कूपन १ करा. शेजारीच लिमिट पर युजर असतं, नुसतं तेच १ केलं तर प्रत्येक नवीन माणूस तो कोड एकेकदा वापरू शकतो, म्हणजे पुन्हा सत्यनारायण. शॉपिफायमध्येही तसंच, एकूण किती वेळा चालेल तिथे १. वूकॉमर्समध्ये अलाउड ईमेल्स मध्ये त्या गिऱ्हाईकाचा मेल टाकला तर दुसऱ्या मेलवरच्या ऑर्डरला कोड लागतच नाही. फक्त क्रम लक्षात ठेवा: कोड आधी दुकानात बनलेले पाहिजेत आणि मग शीटमध्ये. शीटमध्ये बनवलेला आकडा दुकानाला माहीतच नसतो.

सुरू करायच्या आदल्या दिवशी घरच्या पाच फोनवरून फॉर्म भरून बघा, त्यातल्या दोघांनी एक-दोन-तीन म्हणून एकदम सबमिट दाबायचं, एकाने दोनदा भरायचा, एकाने चुकीचा नंबर टाकायचा. मग एक कोड वापरून परत वापरायचा प्रयत्न करा. हे सगळं नीट झालं की टेस्टिंगच्या ओळी काढा आणि लिंक पाठवा.

मुदत संपल्यावर एप्रिलच्या पहिल्या रविवारी शीटची एक कॉपी काढली, त्यातून नाव आणि नंबर उडवले, नुसते कोड, तारखा आणि बिलं ठेवली, आणि मूळ शीट डिलीट केली. राखून ठेवलेल्या २० पैकी मावशींचा कोड अजून वापरला नव्हता. त्या म्हणाल्या गणपतीत मोदकाच्या पिठीला वापरीन, तेव्हा तेवढा एक चालू ठेवलाय.